ती लंगडतेय तर लंगडू दे

२४ डिसेंबरला संध्याकाळी सात-साडेसातला फोन आला. नंबर ओळखीचा, किनाऱ्यावर घोडे फिरवणारा आमच्याच पंचक्रोशीतला एक दादा. "म्यॅडम, घोरी पाय टाकीत नाय. सकाली टूरिस येतील, येक सुई मारून जा ना, चार-पाच दिवस निघालं म्हंजे झाला."

एक सुई मारून जा. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय, अलिबागच्या वाळूतही ऐकलं आणि कोटीच्या घोड्यांच्या पागेतही ऐकलं, तिथे ते इंग्लिशमध्ये बोलतात आणि एसीत बसून बोलतात एवढाच फरक, मागणं तेच असतं की दुखणं राहू दे, फक्त दिसू देऊ नका.

मी पशुवैद्य आहे, माहेर चौल-रेवदंड्याकडचं, शिक्षण परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात झालं (१८८६ सालचं कॉलेज आहे ते) आणि त्यानंतरची बरीच वर्षं रेसच्या घोड्यांमध्ये गेली. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा सीझन, पावसाळ्यात पुण्याचा, मधेमधे बाकीच्या सेंटरांना. माझं काम दोन प्रकारचं होतं, रेसच्या आधी घोडा पळायला फिट आहे का बघायचं, आणि रेस झाल्यावर डोप टेस्टसाठी सॅम्पल घ्यायचं. आता आईची तब्येत म्हणून गावी परत आलेय, गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री, बैल सगळं बघते, पण घोडा म्हटलं की लोक मलाच फोन करतात.

तर त्या रात्री गेले. घोडी कुमेद (तांबूस-तपकिरी), उंच, सडपातळ पायांची, बघताक्षणी कळलं की ही थरोब्रेड आहे, म्हणजे रेसच्या घोड्यांची जात, कधीतरी रेसमध्ये पळालेली. रेसमध्ये पळायचे दिवस संपले की सगळे घोडे काही स्टड फार्मवर (पैदाशीच्या फार्मवर) आरामात चरत नाहीत, त्यातले काही हातोहाती विकले जात माथेरानला जातात, काही लग्नाच्या वरातीत, काही आमच्या किनाऱ्यावर येतात. टॉर्चच्या उजेडात तिला आधी चालवली मग ओल्या कडक वाळूवर थोडी दुडकी पळवली. पुढचा डावा पाय टेकला की मान वर जायची आणि उजवा टेकला की खाली. घोड्याचं लंगडणं पायात शोधण्याआधी मानेत शोधायचं असतं, हे मला पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या सईसाने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, शिकवलं, कॉलेजने नंतर. दुखऱ्या पायावर वजन पडू नये म्हणून तो मान उचलतो, बस एवढंच तो सांगू शकतो. ओरडत नाही, कण्हत नाही, कुत्र्यासारखा येऊन कुशीत शिरत नाही. मूळचा शिकार होणारा प्राणी, कळपात आपण अधू आहोत हे दाखवणं म्हणजे मरणच, त्यामुळे निम्मं तो स्वतःच लपवतो, आणि उरलेलं निम्मं आपण सुईने लपवायचं.

गुडघ्याखालच्या नळीच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) गरम, फुगलेला, दाबला तर पाय हिसकावून घेतला. मी म्हटलं दादा, सुई मारली तर ही उद्या सकाळी झकास चालेल, आणि परवा-तेरवा कोरड्या वाळूत कुणीतरी नव्वद किलोचा माणूस बसवून पळवाल तेव्हा हा टेंडन तुटेल. मग ती कायमची गेली.

तो गप्प झाला. त्याचाही विचार करायला हवा ना, पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावर धंदा नसतो पण घोड्याची चंदी काही थांबत नाही, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एकतीस डिसेंबर एवढ्यावर त्याचं वर्ष निघतं. मला त्याचा राग आला नाही आणि येतही नाही. राग मला दुसऱ्यांचा येतो, ते पुढे सांगते.

डोप टेस्ट म्हटलं की लोकांना वाटतं घोड्याला काहीतरी जोशाचं इंजेक्शन देतात आणि तो विमानासारखा पळतो, आणि आम्ही पोलिसासारखे चोर पकडतो. तसलंही असतं, नाही असं नाही. इंग्लंडमध्ये रेसच्या घोड्यांना डोप द्यायला बंदी आली ती १९०३ मध्ये, तेव्हा कोकेनसारखी उत्तेजकं सर्रास देत होते, आणि १९१० च्या सुमाराला युरोपात घोड्याच्या लाळेतून ती शोधायची पद्धत निघाली. म्हणजे खेळाडू माणसांच्या टेस्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधी घोड्यांच्या सुरू झाल्या. पण मी जेवढी वर्षं हे काम केलं त्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती जोशाच्या औषधांची नाही, वेदना मारणाऱ्या औषधांची. २०१२ मध्ये अमेरिकेत बऱ्याच घोड्यांच्या सॅम्पलमध्ये डर्मॉर्फिन सापडलं, ते दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या कातडीतलं द्रव्य, मॉर्फिनपेक्षा कित्येक पट जोरदार. का देत होते? दुखतंय हे त्याला कळू नये आणि त्याने पळत राहावं म्हणून.

थोडं शरीराचं सांगते म्हणजे हे कळेल. थरोब्रेड साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा. चौखूर पळताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो आणि तो भार त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, आणि तो पाय म्हणजे आपल्या मनगटाएवढं हाड, खाली स्नायू नाहीतच, नुसते टेंडन आणि हाडाला हाड बांधणारे लिगामेंट. रेसमध्ये जे पाय मोडतात ते बहुतेक वेळा अचानक खड्ड्यात पडून मोडत नाहीत, तिथे आधीपासून आठवडे-महिने बारीक बारीक चिरा पडत आलेल्या असतात, हाड त्या भरून काढायच्या प्रयत्नात असतं, तिथे दुखत असतं, सकाळच्या सरावाला घोडा जरा आखडून चालत असतो. ते दुखणं म्हणजे शरीर सांगतंय थांबव. फेनिलब्युटाझोन हे सूज-वेदना मारणारं औषध दिलं, सगळे त्याला ब्यूट म्हणतात, किंवा सांध्यात स्टेरॉइड मारलं तर सूज उतरते, आखडलेपण जातं, चीर मात्र तिथेच.

असा एक घोडा माझ्यासमोर गेला. कुठलं सेंटर, कुणाचा घोडा ते लिहीत नाही. चार वर्षांचा, चेस्टनट म्हणजे तांबड्या रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. सकाळच्या तपासणीत मी त्याला दोनदा दुडकी पळवलं, सांध्यांवर हात फिरवला, काही सापडलं नाही, इतका सरळ चालला की मला बरं वाटलं. मी फिट म्हणून सही केली. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो चौथा होता आणि एकदम खाली गेला, जॉकी बाजूला फेकला गेला, आणि हा उठला, तीन पायांवर उठून उभा राहिला आणि बाकीच्या घोड्यांच्या मागे जायला बघत होता. पुढच्या पायाचं खालचं सगळं नुसतं लोंबत होतं. पडदा लावला, घोड्याच्या त्या मोडलेल्या पायाला इलाज नसतो, इंजेक्शन मीच दिलं. सॅम्पलही घेतलं. काही आठवड्यांनी लॅबचा रिपोर्ट आला, त्यात स्टेरॉइड होतं. म्हणजे सकाळी मला जे सरळ चालणं दिसलं ते त्याचं नव्हतंच, औषधाचं होतं. कारवाई झाली, नियमाप्रमाणे जी होते ती. पण त्या कागदाचा त्या घोड्याला काय उपयोग! माझी सही त्या फिटनेसच्या कागदावर आहे आणि ती मला अजून दिसते, रात्री झोपताना दिसते. राग येतो तो अशा माणसांचा, ज्यांना चंदीची चिंता नाही, ज्यांच्याकडे एक्स-रे आहे स्कॅन आहे घोडा सहा महिने उभा ठेवायची ऐपत आहे, आणि तरी जे सुई मारतात.

सॅम्पल घेणं हे बाहेरून किती साधं काम वाटतं. रेस संपली की जिंकलेला घोडा आणि स्टुअर्ड्सनी (रेसच्या पंचांनी) सांगितलेले आणखी एखाद-दोन थेट सॅम्पलिंगच्या बॉक्समध्ये येतात, चिप तपासून घोडा तोच आहे ना बघायचं, मग थंड होईपर्यंत फिरवायचं, पाणी द्यायचं, आणि स्वच्छ भाताच्या काडात नेऊन सोडायचं आणि शीळ घालायची. खरंच शीळ. लांब काठीला भांडं लावून कोपऱ्यात उभं राहायचं आणि सईस हळू आवाजात शीळ घालत बसतो, लहानपणापासून घोड्याला त्या शिळेची सवय लावलेली असते. कधी पाच मिनिटांत काम होतं, कधी तास जातो, नाहीच झालं तर मानेच्या शिरेतून रक्त. लघवी दोन बाटल्यांत, ए आणि बी, ट्रेनरच्या माणसासमोर सील, त्याची सही, बाटलीवर फक्त नंबर. लॅबला घोड्याचं नाव कळत नाही आणि कळूही नये. ए मध्ये काही सापडलं आणि मालकाने मागितलं तर बी दुसरीकडे तपासता येते. आताची मशिनं एका मिलीलीटरमध्ये नॅनोग्रॅम आणि त्याहूनही कमी पकडतात, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग.

एवढं बारीक पकडायला लागल्यावर दुसरा प्रश्न येतो की जे सापडलं ते दिलेलं की चुकून गेलेलं. म्हणून काही गोष्टींना मर्यादा ठरवून दिल्यात. खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, हे एक उदाहरण, नाकातून नळी घालून पोटात सोडतात म्हणजे स्नायूतलं आम्ल मरतं आणि घोडा उशिरा थकतो, त्याला मिल्कशेक म्हणतात. पण थोडं बायकार्बोनेट प्रत्येक घोड्याच्या रक्तात असतंच, म्हणून रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड लीटरला ३६ मिलीमोलच्या वर गेला तरच गुन्हा. कोको, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन लघवीत मिलीलीटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. बाकीच्या बऱ्याच गोष्टींना मात्र सूट नाही.

आणि इथेच आमचं कोकण येतं. धोतरा तुम्ही बघितलाय ना, प्रत्येक पडीक वाडीत आणि रस्त्याच्या कडेला उगवतो, तो गवतासोबत कापला जाऊन पेंढीत आला तर घोड्याच्या लघवीत ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन. खसखशीत अफूचा अंश असतो, मॉर्फिन. चहाचं उरलेलं पाणी चंदीत ओतलं, कॅफीन. आणि सुपारी! श्रीवर्धनची रोठा जगात भारी, आमच्या आजीच्या चंचीतून मीसुद्धा पळवून खाल्लीय, पण तिच्यातलं अरेकोलिन हे रेसमध्ये बंदी असलेलं द्रव्य आहे, पूर्वी आमचेच लोक ते घोड्यांना पोट साफ करायला टोचायचे. पान-गुटखा खाऊन गव्हाणीजवळ थुंकायचं नाही, हे मी सईसांना शंभरदा सांगितलं असेल. पागेत लघवी करायची नाही हेही, कारण माणसाने घेतलेल्या गोळ्या त्या गवतातून घोड्यात जातात. त्यांना वाटायचं म्हॅडमला स्वच्छतेचं वेड आहे. पण सईसाची नोकरी जायला तेवढंच पुरतं, वर बसलेल्याचं काही जात नाही.

घोड्याला काय खायला घालावं हा इथला जुना प्रश्न आहे तसा. आमचं चौल हे घोड्यांचं बंदर होतं, होर्मुझहून जहाजं भरून घोडे इथे उतरायचे, कारण दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला, सगळी पुंजी त्या घोड्यात घातलेली, आणि जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, धर्म बदल तर देतो म्हणाला, पुढे कसाबसा परत मिळाला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आम्ही शाळेत असताना नाव ऐकलं होतं पण घोड्याची गोष्ट मला खूप नंतर कळली. त्याने लिहून ठेवलंय की इथे घोड्यांना हरभरे देतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात. हे वाचलं तेव्हा मला त्या घोड्याचीच काळजी वाटली, आठवडेच्या आठवडे जहाजात उभा राहून आलेला आणि उतरल्यावर खिचडी! पोटात दुखलं तर घोड्याला ओकताही येत नाही.

आजही किनाऱ्यावरच्या घोड्यांना जे पोटाचं होतं ते बरंचसं वाळूमुळे होतं, चारा वाळूवरच टाकतात. मी सगळ्यांना सांगते की तोबरा (तोंडाला चाऱ्याची पिशवी) बांधा, आणि आठवड्यातून एकदा थोडी लीद बादलीभर पाण्यात कालवून ठेवा, तळाला वाळू बसली तर इसबगोल चालू करा आणि मला फोन करा. हे करायला लागलेत बरेच जण. आणि तुम्ही जे मुंबई-पुण्याहून येता त्यांना सांगते, बसायच्या आधी घोडा दहा पावलं चालवून दाखवायला सांगा, मान बघा. घोड्याने त्याच्या वजनाच्या फार तर पाचवा हिस्सा पाठीवर घ्यावा, खोगीर धरून, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर. मोठी माणसं किनाऱ्यावर चालायला काय हरकत आहे.

शर्यतीच्या बैलांचंही तेच. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मी लहानपणापासून ओहोटीच्या वाळूवर गाड्या पळताना बघितल्यात, आजोबांची बैलजोडी होती, मला त्या बंद व्हाव्यात असं वाटत नाही. पण परवानगी परत आल्यापासून "डॉक्टर, काहीतरी द्या" हे फोनही परत आले. रेसच्या घोड्याची जशी सॅम्पलं होतात तशी बैलांची नियमाने व्हायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, निदान पहिल्या तीन नंबरांची. आमच्या भागात मी एकदा आयोजकांसमोर हे बोलले तर म्हणाले खर्च कोण करणार. बक्षिसाला गाडी देता, एका टेस्टचा खर्च निघत नाही?

आणि दुखणं मारायचं औषध जनावरात मारून आपण विसरलो तरी ते जनावराबरोबर संपत नाही. डायक्लोफिनॅक गुरांना टोचायचे, मेलेली गुरं गिधाडं खायची आणि मूत्रपिंड जाऊन मरायची, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. इथे म्हसळ्याजवळ चिरगावला थोडी गिधाडं टिकून आहेत. तरी अजून माणसांचं इंजेक्शन गुरांना मारलेलं मला दिसतं. मी दुकानदाराशीही भांडलेय.

कुणी विचारतं, मग औषध द्यायचंच नाही का, घोड्याने सहन करायचं? असं कोण म्हणतं! औषध द्यायचं, वेदना कमी करायची, आणि त्याला उभं ठेवायचं. ब्यूट दिलं तर त्याचा अंश शरीरात आठवडाभर सापडू शकतो, सांध्यात स्टेरॉइड दिलं तर बऱ्याच देशांत किमान १४ दिवस पळवता येत नाही, हे नियम त्याचसाठी आहेत. औषध आणि काम एका दिवशी नाही, इतकंच.

त्या रात्री मी घोडीला औषध दिलं, पण आधी दादाकडून कबूल करून घेतलं की ती दावणीलाच राहील. त्याने कबूल केलं पण चेहरा असा की मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी न सांगताच गेले, वाटलं खोगीर चढवलं असणार. नव्हतं चढवलं. त्याची बायको घोडीला गुडघाभर पाण्यात उभी करून तिच्या पायावर समुद्राचं पाणी ओतत होती, कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, आमी बैलाना तसाच करतो. बरोबरच होतं ते, गार खारं पाणी, त्याहून चांगलं मीही काही सांगितलं नसतं. दुसरा घोडा त्याने भावाकडून आणला होता. नाताळाचा धंदा अर्धा झाला त्याचा. मी फी घेतली नाही, स्कॅनचं मशीन एका मित्राकडून आणलं, टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला, धाग्यांची फाटाफूट. असं भरायला नऊ महिने ते वर्ष जातं.

आता एप्रिल. रोज ओहोटीला तिला वीस मिनिटं हाताने चालवतात, आणि महिन्याभरापासून दर रविवारी थोडी दुडकी, फक्त तपासायला. दादा त्याचा व्हिडिओ पाठवतो, बरोबर मानेच्या उंचीला मोबाइल धरून, हे त्याला मी शिकवलं नव्हतं. मागच्या रविवारी व्हिडिओबरोबर मेसेज होता, "मान अजून जराशी जाते वर, बगा". मीही बघितलं, जातेय खरी, अगदी बोटभर, मला दोनदा बघितल्यावर दिसली, त्याला आधी दिसली. पावसाळा संपेपर्यंत खोगीर नाही, तसं त्याला कळवलंय.